डाग वेगळा, खड्डा वेगळा

अगं, पिंपल्सनंतर चेहऱ्यावर उरलेला डाग आहे की खड्डा, हे ओळखायला आधी बाथरूमच्या आरशासमोरून हल आणि खिडकीपाशी उभी राहा. उजेड बाजूने पडू दे. सपाट, तपकिरी दिसतो तो डाग. ज्यात सावली पडते तो खड्डा. डाग काही महिन्यांत हळूहळू फिकट होतो. खड्डा क्रीमने भरत नाही, दुकानदार काहीही सांगो.

तुझे बहुतेक डागच वाटतायत, म्हणून पहिलं काम नवे पिंपल्स थांबवणं. डॉक्टरांना विचारून रात्री अ‍ॅडापलीन हे पिंपल्सवरचं जेल, वाटाण्याएवढं, अख्ख्या चेहऱ्याला (बाळाचा विचार असेल तर नको). सकाळी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. आणि नखं आवर! माझ्या डाव्या गालावरचे तीन खड्डे मी दादर ते ठाणे प्रवासात चाळा करकरून कमावलेत.

केमिस्टकडचं 'गोरं करणारं' मिक्स क्रीम अजिबात नको. बऱ्याचदा त्यात स्टेरॉइड असतं. मी लावलं होतं. पंधरा दिवस चेहरा चकाकला, सोडल्यावर पिंपल्स दुप्पट.

खड्ड्यांचं नंतर, पिंपल्स शांत झाल्यावर. सुईने टोचल्यासारखे अरुंद असतील तर टीसीए या तीव्र अ‍ॅसिडचा थेंब डॉक्टर खड्ड्यात सोडतात. पसरट असतील तर सबसिजन, म्हणजे खाली ओढून धरणारे तंतू सुईने सोडवणं. मायक्रोनीडलिंगची, म्हणजे बारीक सुयांनी त्वचा टोचण्याची, सिटिंग्ज साधारण ४ ते ६ आठवड्यांनी, आणि एकात काही होत नाही. हे पार्लरमध्ये नको हं, त्वचारोगतज्ज्ञाकडेच. खिशाला जड वाटलं तर केईएम किंवा नायर या मुंबईतल्या पालिका रुग्णालयांत केसपेपर काढ. रांग मोठी असते, डबा घेऊन जा.