पाहुणे गेल्यानंतर

पुणे, आषाढ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा कार्यक्रमाचा खर्डा काल रात्री दोनदा वाचला. जपानमधल्या ओकायामाहून चौदा जण येणार, पाच दिवस राहणार आणि सगळी जुळवाजुळव तुझ्या गळ्यात. ‘सेन्सेई (बाई), मला झोप लागत नाही’ असं लिहिलंयस. मला त्यात वावगं काही वाटत नाही. ज्या पाहुण्यांची धास्ती वाटते, त्यांचं आपण नीट करतो. तीस वर्षं दुभाषी म्हणून मी अशा शिष्टमंडळांबरोबर हिंडले, आणि प्रत्येक वेळी आदल्या रात्री माझीही झोप उडालेली असायची.

तुझ्या खर्ड्यावर मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. वाईट वाटून घेऊ नकोस, त्या बऱ्याच आहेत. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सात भाषणं, शाल-श्रीफळ. दुसऱ्या दिवशी लेझीम आणि लावणी. तिसऱ्या दिवशी कथक, मग त्यांचं कोतो या जपानी तंतुवाद्याचं वादन, मग पुन्हा सत्कार. पाचही दिवस पाहुणे खुर्चीत बसलेले आणि आपण समोर काहीतरी करून दाखवतोय. ते टाळ्या वाजवणार, आपणही वाजवणार आणि विमान उडालं की कोणाला कोणाचं नाव आठवणार नाही. भाषणं दोनावर आण. दुभाष्यामार्फत बोललेलं पाच मिनिटांचं भाषण दहा मिनिटांचं होतं, त्यामुळे सात भाषणं म्हणजे सत्तर मिनिटं. तेवढ्या वेळात माणसं एकमेकांशेजारी बसून काहीतरी करू शकतात.

काय करू शकतात, ते एका सकाळच्या गोष्टीवरून सांगते.

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी एक गट घेऊन गेले होते. फलकावर ‘पुणे-ओकायामा मैत्री उद्यान’ वाचून पाहुण्यांनी फोटो काढले, तळ्याकाठी काढले, पुलावर काढले. त्यांच्यात सत्तरीचे एक गृहस्थ होते, आयुष्यभर माळीकाम केलेले. वाटेच्या कडेला आपला एक माळी झुडूप छाटत होता. हे आजोबा थांबले, थोडा वेळ बघत राहिले आणि मग सरळ उकिडवे बसून त्यांनी कात्रीसाठी हात पुढे केला. माळ्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, त्याने कात्री दिली. आजोबांनी ती उलटी धरली, म्हणजे पात्याचा बाक खाली आला, आणि झुडपाच्या गोलाईवरून एखाद्याच्या डोक्यावरून हात फिरवावा तशी फिरवली. मग कात्री परत दिली. माळ्याने करून पाहिलं, जमलं नाही. आजोबांनी त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवून मनगट जरासं खाली दाबलं. पुढच्या वेळी जमलं. वीस मिनिटं चाललं हे. बस उभी होती, संयोजक घड्याळ दाखवत होते आणि मी दुभाषी असून एक शब्द बोलले नाही, कारण लागलाच नाही.

तीनेक महिन्यांनी त्या माळ्याने मला गाठलं. झुडपाला एका बाजूने नवा फुटवा आला होता, आता कुठे कापायचं ते ‘त्या बाबांना’ विचारायचं होतं. मी फोटो काढून पाठवला, चार ओळी जपानीत लिहिल्या. उत्तर आलं ते चित्र होतं. पेन्सिलीने काढलेलं झुडूप आणि त्यावर लाल शाईच्या तीन रेघा. पाच दिवसांच्या त्या दौऱ्यातलं एवढंच टिकलं, आणि ते कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

आता ती बाग नुसती फिरायची जागा समजू नकोस. तुझा सगळा कार्यक्रम तिच्यात आहे. ती ज्या कोराकुएन या जुन्या बागेवरून बेतली आहे, ते ओकायामात ‘असाही’ नावाच्या नदीच्या पात्रात, किल्ल्यासमोर आहे. इकेदा त्सुनामासा या तिथल्या सरदाराने १६८७ मध्ये काम सुरू केलं आणि १७०० मध्ये ते पुरं झालं. जपानच्या तीन श्रेष्ठ बागांमध्ये तिची गणना होते. तेहतीसेक एकर जागा आणि तिच्यात भाताचं खाचर आणि चहाचा मळाही. ‘कोराकुएन’ हे नाव मात्र १८७१ मधलं. त्याची कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, फोडून बघ, तुला येते: मागाहून, आनंद, बाग. जुन्या चिनी वचनातला अर्थ असा की जगाच्या आधी काळजी करावी आणि जगाच्या मागून आनंद घ्यावा. यजमानाने कसं वागावं, हे मला कोणी विचारलं तर मी हे नावच सांगते.

२९ जून १९४५ च्या पहाटे अमेरिकन विमानांनी ओकायामा जाळलं. किल्ला जळाला, बागेची दैना झाली. पुढे जुनी चित्रं आणि आराखडे समोर ठेवून ती पहिल्यासारखी केली. आणि १९५७ मध्ये, म्हणजे अवघ्या बारा वर्षांत, ओकायामाने कोणाशी नातं जोडलं? कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेशी. ज्या देशाने गाव जाळलं, त्याच देशातल्या गावाशी. मुत्सद्द्यांच्या मेजवान्यांनी असलं काही घडत नाही. दोन्हीकडच्या साध्या माणसांना ते मनापासून हवं असावं लागतं. सॅन होजेने १९६५ मध्ये आपल्या केली पार्कमध्ये सहा एकरांची बाग केली, तीही कोराकुएनवरूनच, आणि तिच्या तळ्यांसाठी ओकायामाने कोई मासे पाठवले. आणि सॅन होजे १९९२ पासून आपल्या पुण्याचंही भगिनी शहर आहे. म्हणजे तीन खंडांत नाही तरी तीन देशांत एकाच बागेच्या लेकी-नाती आहेत. तू खर्ड्यात ‘सिस्टर सिटी’ लिहिलंयस, पण जपानी शब्द आठव: शिमाई तोशी. शिमाईच्या दोन अक्षरांत एक थोरली बहीण आहे, एक धाकटी. नातं कुठल्या कागदाने ठरलं याच्यापेक्षा कोण कोणाकडून काय शिकलं, हे त्या शब्दात आहे.

या तिन्ही गावांना आणखी एक गोष्ट बांधते आणि तिच्यावर कधी कार्यक्रम झालेला मी पाहिला नाही. तो तू करावास म्हणून हे पत्र इतकं लांबतंय. ती गोष्ट म्हणजे पूर. १९३४ मध्ये असाही नदीला महापूर आला आणि कोराकुएन पाण्याखाली गेलं. २०१८ च्या जुलैत त्याच ओकायामा प्रांतात माबी गाव बुडालं, घराच्या छपरांवर माणसं बसलेली आपण बातम्यांत पाहिली. सॅन होजेत फेब्रुवारी २०१७ मध्ये कोयोटी क्रीकचं पाणी वस्तीत शिरलं, हजारो लोकांना घरं सोडावी लागली आणि ती मैत्रीची बागही बुडाली. आणि आपलं १२ जुलै १९६१. पानशेत. पुण्यातल्या सत्तरीपुढच्या कुठल्याही माणसाला विचार, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते तो हात वर करून दाखवेल.

लावणी बघून ओकायामाची आजी टाळ्या वाजवील. पण चिखलाने माखलेली धान्याची कोठी, फुगून दारात अडकलेलं लाकडी कपाट, ओल्या फोटोंचे एकमेकांना चिकटलेले गठ्ठे यांबद्दल ती बोलू लागेल तेव्हा शनिवार पेठेतली आजी तिचा हात धरील. एक दुपार त्यासाठी ठेव. छोटी खोली, जमिनीवर सतरंज्या, जास्तीत जास्त तीस माणसं, मंच नाही, माईक नाही. प्रत्येक बाजूने चार-चार म्हातारी माणसं आणि मध्ये तुम्ही दुभाषी. त्यांना आधी भेटून विचार की बोलायला आवडेल का, आणि कोणी मध्येच थांबलं तर थांबू दे. दुःख मांडायला लावणं आणि दुःखाला जागा देणं यात फरक आहे. दुभाष्याच्या तो सगळ्यात आधी लक्षात येतो, कारण वाक्य त्याच्या तोंडून जायचं असतं.

मुलांसाठी वेगळं काही शोधू नकोस. ओकायामाची माणसं किबीदांगो आणतीलच, मऊ, पिठुळ, छोटे गोळे. मोमोतारोच्या गोष्टीतला पीचमधून जन्मलेला मुलगा हेच गोळे देऊन कुत्रा, माकड आणि किजी (फेझंट) पक्षी यांना सोबती करतो. आपल्याकडे म्हातारी भोपळ्यात बसून टुणुक टुणुक जाते. पीचमधला मुलगा आणि भोपळ्यातली म्हातारी एकमेकांना वाटेत भेटले तर काय होईल, एवढंच मुलांना विचार आणि कागद-खडू दे.

जेवणाबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे माझी चूक झालेली आहे. एका दौऱ्यात एका मुलाला शेंगदाणा चालत नाही असं कळवलेलं होतं. मी आचाऱ्याला सांगितलं, ‘शेंगदाणे नकोत.’ त्याने चटणी काढून टाकली. पण काकडीच्या कोशिंबिरीत कूट होतं. आपल्या डोक्यात कूट म्हणजे शेंगदाणे नसतातच, कूट म्हणजे कूट. दहा मिनिटांत त्या मुलाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. दवाखाना जवळ होता म्हणून निभावलं. त्याच्या आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही, ते मला अजून टोचतं. जपानमध्ये पाकिटावर शेंगदाणा असल्याचं छापणं सक्तीचं आहे, तिथली माणसं ते वाचूनच खातात. आपल्या ताटाला पाकीट नसतं. म्हणून स्वयंपाकघरात स्वतः उभी राहा आणि पदार्थागणिक विचार: कूट आहे का, फोडणीचं तेल कुठलं, खिचडीत काय, भरल्या वांग्यात काय. यजमान कुटुंबांनाही हाच प्रश्न याच शब्दांत विचार.

आपली माणसं पुढे ओकायामाला जातील तेव्हा उलट बाजू सांभाळायची. मिसो सूप पाहून शाकाहारी माणूस निर्धास्त पितो, पण त्याच्या पाण्यात, दाशीत, बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा कीस उकळलेला असतो. ‘मांस नको’ म्हटल्याने तो जात नाही. दाशीचं नाव घेऊनच विचारावं लागतं.

भेटवस्तू हलक्या आणि स्वस्त ठेव. महागडी वस्तू दिलीस की परतफेडीचं ओझं त्यांच्यावर येतं. पितळी समई कोणाच्या बॅगेत मावत नाही.

आता शेवटची गोष्ट, पाहुणे गेल्यानंतरची. तुझ्या खर्ड्यात पाचव्या दिवशी संध्याकाळी ‘निरोप समारंभ’ आहे आणि त्याच्या पुढे कोरं पान. मला सगळ्यात जास्त भीती त्या कोऱ्या पानाची वाटली. मी ज्या एका मंडळाबरोबर काम केलं, तिथे पाहुण्यांची आभारपत्रं आली, फोटो आले, एका बाईंनी आपल्या यजमानीणबाईंसाठी विणलेली पिशवी पाठवली. सगळं एका कपाटात पडून राहिलं, कारण ज्याने कार्यक्रम केला तो पुढच्या कार्यक्रमाला लागला होता. ती पिशवी मला दीड वर्षाने सापडली. मी ती पोचवली तेव्हा त्या यजमानीणबाई म्हणाल्या, ‘मला वाटलं, मी त्यांना आवडले नाही.’ तोवर तिकडून पत्रं थांबली होती.

याच्या उलट एक बघ. योकोहामाच्या यामाशिता पार्कमध्ये एक घुमट आहे, भारतीय नक्षीचा, खाली पाण्याचं कारंजं. त्याला तिथे ‘इंडो सुइतो’ म्हणतात. १९२३ च्या भूकंपात ते शहर उद्ध्वस्त झालं, तिथले भारतीय व्यापारीही त्यात सापडले आणि शहरातल्या लोकांनी त्यांना आधार दिला. त्याची आठवण म्हणून त्या व्यापाऱ्यांनी पुढे १९३० च्या दशकात हा घुमट बांधून दिला. मुंबई आणि योकोहामा भगिनी शहरं झाली १९६५ मध्ये. म्हणजे करार होण्याच्या आधी कितीतरी वर्षं कोणीतरी आभार मानले होते, आणि ते आजही उभे आहेत. याच बागेत तिथल्या लोकांनी दिवाळीचा उत्सवही केला आहे. तुला कधी जायला मिळालं तर त्या घुमटाखाली उभी राहून छताकडे बघ. मी बराच वेळ बघत होते.

तेव्हा त्या कोऱ्या पानावर आत्ताच लिही: पंधरा दिवसांत प्रत्येक पाहुण्याला हाताने लिहिलेलं पत्र, त्यात त्याच्याच एका प्रसंगाचा उल्लेख. महिन्याने फोटो, नावांसकट. तीन महिन्यांनी यजमान कुटुंबांना फोन, उत्तर द्यायचं राहिलं असेल तर तू भाषांतर करून देशील असं सांगायला. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा. यासाठी एक माणूस नेमून ठेव आणि त्याला मंचावरचं कुठलंच काम देऊ नकोस.

बाकीचं बोलू. येत्या बाराला सकाळी माझ्याकडे ये. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू पानशेतच्या वेळी नऊ वर्षांच्या होत्या, नारायण पेठेत राहायच्या. मी त्यांना विचारलंय, त्या बोलायला तयार आहेत. त्यांच्याकडे तेव्हाचा एक तांब्या आहे, पाणी ओसरल्यावर चिखलात सापडलेला. ‘गाळ’ आणि ‘चिखल’ यांना जपानीत वेगवेगळे कुठले शब्द वापरायचे ते येण्याआधी शोधून ठेव, त्यांच्या बोलण्यात दोन्ही येतात आणि त्यांच्या दृष्टीने ते एक नाहीत.

तुझी,
सेन्सेई