ओरडणारी म्हैस आणि गप्प गाय

तुमची अडचण थोडक्यात अशी: तुम्ही राहता इंदूरच्या रामबागेत, गोठा जवळच्या हातोदला. वडिलांच्या मागे चार म्हशी नि एक गाय तुमच्या गळ्यात आली. एक म्हैस दोन रात्री ओरडतेय, दूध लिटरभर उतरलंय. मुक्या जनावराचं दुखणं ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

म्हशीचं शेवटी बघू. तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘गाय मात्र गरीब, हल्ली कोपऱ्यात शांत उभी असते.’ मला काळजी वाटली ती या वाक्याची.

जनावर दुखणं लपवतं. कळपातलं लंगडं जनावर वाघाच्या नजरेत आधी भरतं, ही धास्ती हजारो वर्षं दावणीला राहूनही त्यांच्या अंगातून गेलेली नाही. ओरडा बहुतेक वेळा भुकेचा, तहानेचा, पारडाचा नाहीतर माजाचा असतो. दुखत असलं की जनावर रोजचं काहीतरी करायचं सोडतं. आंबोणाच्या पाटीवर पहिली तुटून पडणारी मागे राहते, माशी बसली तरी शेपूट हलत नाही, रवंथ बंद पडते. म्हणून तिचं रोजचं वागणं ठाऊक असल्याशिवाय काही कळत नाही.

माझीच फजिती सांगतो. सुपर कॉरिडॉरच्या बाजूला कॉलन्या उठत होत्या तेव्हाची. आमची एक मालवी गाय गव्हाणीपुढच्या ओट्यावर पुढचे दोन पाय चढवून उभी राहायला लागली. कोपरं बाहेर काढलेली, पाठ कमानीसारखी. बसताना हुं करायची, मधूनच दात करकरा खायची. मी म्हणालो, नखरे! आणि आठवडाभर रोज तिला दाव्याने खाली ओढली. डॉक्टर आले, त्यांनी खांद्यामागची कातडी मुठीत धरून दाबली. धडधाकट जनावर अशा वेळी पाठ खाली दबवतं. हिने पाठ ताठच ठेवली, नुसती कण्हली. भुशातून बांधकामाची बाइंडिंग तार पोटात गेली होती. तार अडकते ती जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या चार कप्प्यांपैकी एकात, आणि त्याच्या पुढे, मध्ये पडदा सोडला तर, लगेच हृदय. औषधं दिली, लोहचुंबक गिळवलं आणि सांगितलं, पुढचे पाय उंचावर राहतील अशी बांधा. म्हणजे जो इलाज ती स्वतःच करत होती, तो मी रोज मोडत होतो. वाचली, पण दूध पुन्हा पहिल्यासारखं आलं नाही.

तेव्हापासून मी गोठ्यात वैरण घेऊन शिरत नाही. आधी हात हलवत जातो, लांबून पाच मिनिटं बघतो. वैरण दिसली की आजारी जनावरही क्षणभर शहाण्यासारखं वागतं. खरी परीक्षा रात्री दहाच्या सुमारास: बरीचशी जनावरं बसून रवंथ करताना दिसली पाहिजेत. एका घासाला साधारण 50-60 वेळा चावतात, मोजून बघा. डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ रोवून ठेवा, दोन मिनिटांत दोन-तीन वेळा पोट हाताला ढकलतं. तीच बाजू ढोलासारखी फुगलेली असेल, तर सकाळची वाट बघायची नाही.

व्यायल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस कानाला हात लावत चला. कान गार, मान कुशीकडे वळवून बसलेली, तर तो दुग्धज्वर. नाव ज्वर, पण अंग उलट थंड पडतं; रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. कासेचं म्हणाल तर प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या फडक्यावर काढा, गुठळ्या लगेच दिसतात. कास दगडी होईपर्यंत थांबलात तर तो सड बहुधा गेलाच.

तुमच्याकडे धार काढणारे जे दादा आहेत, त्यांना रोज फोन करून ‘दूध किती’ एवढंच विचारू नका. ‘आज काही वेगळं?’ असंही विचारा. ते ‘थोडी ढीली है’ म्हणाले, तर त्या शब्दाला थर्मामीटरइतकंच वजन द्या. तिच्या अंगाला दोन वेळा हात लागतो तो त्यांचाच.

आता म्हैस. खातेय, रवंथ करतेय, शेण नेहमीसारखं आहे? मग मागून काचेसारख्या चिकट स्रावाची तार सुटते का, सारखी थोडी थोडी मुतते का, बघा. असं असेल तर माजावर आहे, आणि तेवढ्यात दूध थोडं चोरणं आलंच. म्हशींचा माज बहुधा मुका असतो, उन्हाळ्यात तर जास्तच. तुमची ओरडून सांगतेय हे नशीब समजा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, म्हणजे रेतन करून घ्यायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. साधारण 21 दिवसांनी पुन्हा ओरडली तर गाभण ठरली नाही.

पण हे सगळं उद्या. आज दादांना सांगून त्या कोपऱ्यातल्या गायीचा ताप मोजून घ्या, साधारण 101.5 फॅरनहाइट हवा. शेवटची रवंथ करताना कधी बघितली तेही विचारा. त्यांना आठवावं लागलं, तर थेट 1962 या पशुवैद्यकीय सेवेच्या नंबरला फोन लावा, पशुवैद्यकाची गाडी गोठ्यापर्यंत येते. आणि आपण मध्ये कधी भुसा बदलला का, हे फोनवरच सांगून टाका.