उलटीनंतर लगेच ब्रश नको

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची आहे. जेवली की न्हाणीघरात जाते, नळ सोडून ठेवते. उलट्या काढते असा मला संशय आहे. वरचे पुढचे दात आतून झिजलेत, गार पाणी झोंबतं, कानाखाली सूज दिसते. बाहेर आली की मिठाने खसाखसा दात घासते. कॅप बसवून घ्यावी का?
– एक आई, गुहागर

उत्तर : ताई, कॅपची घाई नको. वरच्या दातांची टाळूकडची बाजू झिजते ती बहुधा पोटातलं आम्ल वारंवार तोंडात आल्यामुळे. नुसत्या पित्तानेही असं होतं, पण तुम्ही सांगता त्यावरून बुलिमियाची, म्हणजे भरपूर खाऊन वजनाच्या धास्तीने ते उलटून टाकण्याच्या मानसिक आजाराची शंका येते. निदान मानसोपचारतज्ज्ञच करतील.

दातावरचं एनॅमल, म्हणजे बाहेरचं टणक कवच, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं. पीएचचा आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र. जठरातलं आम्ल १ ते २ पीएचचं. उलटीनंतर दाताचा वरचा थर मऊ पडलेला असतो, तेव्हा घासलं की तोच निघून जातो. मीठ तर त्याहून खरखरीत. म्हणून आधी पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा ढवळून चुळा भरायच्या, गिळायचं नाही. सोडा नसेल तर साधं पाणी. ब्रश किमान अर्ध्या तासाने, तासाभराने केला तर उत्तम. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट. दात पांढरे करणारी पेस्ट आणि मिश्री दोन्ही बंद.

आपल्याकडे मळमळलं की कोकम सरबत किंवा लिंबूपाणी देतात. इथे ते आम्लावर आम्ल होतं. सोलकढी जेवणासोबत चालेल, दिवसभर घोट घोट नको.

कानाखालची सूज बहुधा लाळग्रंथींची असते, उलट्या थांबल्या की हळूहळू उतरते. दंतवैद्यांना उलट्यांचं स्पष्ट सांगा, एरवी ते नुसती झीज बुजवतील. उघडे पडलेले दात तूर्त कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने झाकता येतात. कॅप आताच बसवली आणि उलट्या चालूच राहिल्या, तर तिच्या कडेचा दात विरघळत जातो नि कॅप सुटते.

खरा उपचार मनाचा आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. मात्र छातीत धडधड, चक्कर किंवा हातापायांत गळाठा आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

न्हाणीघराच्या दाराशी पहारा देऊ नका, वजनाचा विषय काढू नका. ‘दात झोंबतात ना, आपण दाखवून येऊ’ एवढ्यावरून सुरुवात करा. दाताच्या डॉक्टरांकडे जायला ती बहुधा लवकर तयार होईल.