वाचकांचे प्रश्न : भाऊ परदेशी लष्करात, क्लिअरन्स मिळेल?

प्रश्न : मी अमेरिकन नागरिक आहे. संरक्षण खात्याची कामं करणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळते आहे, पण त्यासाठी सिक्युरिटी क्लिअरन्स (सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी) लागतो. आई-वडील भारतात असतात, धाकटा भाऊ भारतीय लष्करात अधिकारी आहे. आईला मी नियमित पैसे पाठवते. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, भावाची नोकरी लिहू नकोस, अर्ज अडकेल. काय करावं?

उत्तर : नोकरी लिहा, हुद्द्यासकट. तिच्यामुळे चौकशी लांबू शकते; पण लपवलीत तर क्लिअरन्स हातचा जाण्याची शक्यता कितीतरी जास्त.

क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-८६ या अर्जाच्या १८व्या विभागात आई-वडील, सासू-सासरे, सख्खी-सावत्र भावंडं आणि मुलं लिहायची असतात. त्यांतल्या परदेशी नागरिकांबद्दल खोदून विचारतात : नोकरी कुठे, तिथलं सरकार, लष्कर किंवा गुप्तचर खात्याशी संबंध आहे का, बोलणं कशावरून आणि किती वेळा होतं. रोज व्हॉट्सअॅप होत असेल तर रोजच लिहा. १९व्या विभागात मागच्या ७ वर्षांतले जवळचे किंवा सतत संपर्कातले इतर परदेशी नागरिक येतात. चुलत-मामेभावंडं आणि जुने मित्र इथे.

विसरायला सर्वांत सोपा विभाग २०वा. परदेशी नागरिकाला कधीही आर्थिक मदत केली का, असा प्रश्न त्यात आहे, म्हणून आईला पाठवलेले पैसे तिथे दाखवा. परदेशातलं घर किंवा जमीन तुमच्या वा नवऱ्याच्या नावावर असेल, अगदी पुढे होणार असेल, तरी लिहायची. वडिलांबरोबरचं जुनं संयुक्त बँक खातंही आठवून पाहा.

निर्णय २०१७ पासून लागू असलेल्या १३ निकषांवर होतो. परदेशी नात्यांचा निकष ‘बी’. देश कोणता, नातेवाईक कोणत्या पदावर, त्यांच्यामार्फत तुमच्यावर दबाव येऊ शकतो का, हे त्यात तपासतात. देश मैत्रीचा आहे एवढ्यावर भागत नाही. दुसऱ्या पारड्यात तुमचं अमेरिकेतलं आयुष्य असतं : किती वर्षं राहता, घर, मुलं, नोकरी, बचत कुठे. याचे कागद आधीच जमवा. शंका उरली, तर ती देशाच्या सुरक्षेच्या बाजूने सोडवतात. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केलं आहे.

खोटेपणाचा निकष वेगळा, ‘ई’. नोंदवलेल्या भावाचा धाक तुम्हाला कुणी घालू शकत नाही, लपवलेल्याचा घालू शकतं. तपास करणारे याच नजरेने बघतात. शिवाय नात्याची बाजू पुराव्याने सावरता येते, गेलेला विश्वास सावरणं फार अवघड. जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा ५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हाही आहे. ‘मला तसं सांगितलं होतं’ हा बचाव वकिलाने किंवा सुरक्षेबाबत सल्ला देणं ज्याचं कामच आहे अशा माणसाने चुकीचं सांगितलं असेल तरच विचारात घेतात, तोही चूक कळल्यावर तुम्ही लगेच दुरुस्त केली असेल तर. ओळखीच्या गृहस्थांचा सल्ला त्यात बसत नाही.

प्रश्न : अर्ज पाठवल्यावर लक्षात आलं, परदेशात राहणारी सावत्र बहीण लिहायची राहिली. मुलाखत व्हायची आहे. तिथे विचारलं तर सांगू का?

उत्तर : विचारण्याची वाट पाहू नका. आजच कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला ईमेल करा, म्हणजे तारीख नोंदली जाईल, आणि मुलाखत सुरू होताच तपासनिसाला स्वतःहून सांगा. पुरावा समोर ठेवण्याआधी केलेली दुरुस्ती तुमच्या बाजूने धरतात, नंतरची जवळजवळ निरुपयोगी. खरोखरची विसरभूल म्हणजे खोटेपणा नव्हे. हेतू पाहिला जातो. मात्र कारण एकच आणि खरं द्या. ईमेलमध्ये ‘विसरले’ आणि मुलाखतीत ‘संपर्क नव्हता म्हणून लिहिलं नाही’ असं झालं, की साधी चूकही लपवाछपवी दिसते.

तरीही आक्षेपांची लेखी नोटीस आलीच, तर कंत्राटी कंपनीच्या कर्मचाऱ्याला साधारण २० दिवसांत मुद्देनिहाय उत्तर द्यावं लागतं. सुनावणी हवी असल्यास तीही त्याच उत्तरात मागा.