एसी थांबल्यावरच गरम का?

प्रश्न : धावत्या गाडीत एसी बरा चालतो, पण आर्वीच्या बाजारात थांबलो की गरम हवा येते. गॅस भरून घेऊ का? – एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, घाई नका करू. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झालाच तर गळती आधी शोधायची. तुमचं लक्षण वेगळं आहे; धावताना समोरच्या वाऱ्यानं भागतं, थांबल्यावर हवा कमी पडते. रेडिएटरसमोरची, एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, बघा. हंगामात कापसाच्या गाड्यांमागून चाललं की रुई तिथं गच्च बसते. परवाच एका गाडीतून मी मूठभर काढली, धुळीनं पार नमद्यासारखी झालेली. इंजिन थंड असताना साध्या नळानं धुवा. प्रेशरच्या पाण्यानं जाळीची पाती वाकतात. मग एसी लावून समोरचा पंखा फिरतो का ते पाहा. नसेल फिरत तर त्याचा फ्यूज आणि रिले, म्हणजे पंखा चालू करणारा विजेचा स्विच, तपासून घ्या.