जुने लाइटरूम, नवा कॅमेरा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी गोव्यातल्या साखळीत राहतो. लग्नकार्यांची आणि देवळांतल्या उत्सवांची छायाचित्रे काढणे हा माझा व्यवसाय आहे. एकरकमी पैसे भरून घेतलेले लाइटरूम 6 हे अडोबी कंपनीचे छायाचित्रे सुधारण्याचे सॉफ्टवेअर मी आजवर वापरत आलो. यंदा नवा मिररलेस कॅमेरा घेतला, तर त्याच्या रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) त्यात उघडतच नाहीत. आता वर्गणीची नवी आवृत्ती घेण्यावाचून गत्यंतर नाही, असे दुकानदार म्हणतो. नव्या सोयींची यादी मोठी आहे; परंतु त्यांतले मला काय लागेल, हे कळत नाही.

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. 2015 साली आलेले लाइटरूम 6 ही एकदाच पैसे भरून घेता येणारी शेवटची आवृत्ती होती आणि 2017 च्या अखेरीनंतर तिच्यात नव्या कॅमेऱ्यांची भर पडणे थांबले. त्यामुळे त्यानंतर बाजारात आलेल्या कॅमेऱ्याची रॉ फाइल तिला ओळखता येत नाही. मात्र वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल डीएनजी या एकाच सामाईक प्रकारात बदलून देणारा अडोबीचाच डीएनजी कन्व्हर्टर विनामूल्य मिळतो. नवी रॉ फाइल त्यातून डीएनजीमध्ये बदलून घेतली आणि बदलताना जुन्या आवृत्तीशी जुळणारा पर्याय निवडला, की आपले लाइटरूम ती उघडू शकते. प्रत्येक कार्यानंतर कामाची एक पायरी वाढेल आणि डिस्कवर जागाही जास्त लागेल, हे खरे. पण केवळ फाइल उघडत नाही एवढ्याच कारणासाठी वर्गणी भरण्याची घाई करू नये.

खरा प्रश्न पुढचा आहे. नव्या सोयींमुळे आपल्याच छायाचित्रांत फरक पडतो का, हे पाहायला हवे, आणि कंपनीने दाखवलेल्या नमुन्यांवरून ते कधीच कळत नाही. त्यासाठी आपल्या संग्रहातली दहा छायाचित्रे काढावीत. ती उत्तम साधलेली नसावीत. ज्यांच्याशी आपण झटलात आणि तरी मनासारखी झाली नाहीत, अशी असावीत. वर्गणी भरण्याआधी चाचणीसाठी काही दिवस मोफत मिळतात, त्यांत ही दहाच छायाचित्रे नव्याने करून पाहावीत. रॉ फाइल जपून ठेवण्याचा लाभ येथेच दिसतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, तर 14 बिटांच्या रॉ फाइलमध्ये 16,384. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या रॉ फाइलमधूनही नवे सॉफ्टवेअर पूर्वी न निघालेला तपशील बाहेर काढू शकते.

आपण साखळीचे आहात, तेव्हा त्रिपुरारी पौर्णिमेचे एखादे छायाचित्र आपल्याकडे असेलच, असे धरून चालतो. विठ्ठलापूरला वाळवंटीच्या पात्रात सजवलेल्या नौका सोडल्या जातात, पाणी काळेभोर असते आणि काठावरच्या माणसांच्या चेहऱ्यांवर दिव्यांचा तेवढाच उजेड असतो. अशा वेळी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) 6400 किंवा त्याहून वर न्यावा लागतो आणि अंधाऱ्या भागात रंगीत दाणे, म्हणजे नॉइज, उठतात. लाइटरूम 6 मध्ये नॉइजचा स्लायडर पुढे सरकवला, की दाण्यांबरोबर लुगड्याचा काठही पुसला जातो आणि माणसाचे गाल मेणाचे दिसू लागतात. 2023 च्या एप्रिलमध्ये लाइटरूममध्ये आलेली डीनॉइज ही सोय नेमक्या याच दुखण्यावर आहे, आणि ती रॉ फाइलवर चालते. छायाचित्र शंभर टक्के मोठे करून दोन्ही रूपे शेजारी ठेवावीत आणि दोनच जागा पाहाव्यात : लुगड्याच्या काठाचे विणकाम आणि म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या. विणकाम उलगडले आणि सुरकुत्या सुरकुत्याच राहिल्या, तर ही सोय आपल्या कामाची आहे. सुरकुत्यांच्या जागी गुळगुळीत कातडी आली, तर तीव्रता कमी करून पुन्हा पाहावे.

त्याच वेळी घड्याळही लावावे. डीनॉइजचा सगळा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. चांगल्या कार्डावर जे काम काही सेकंदांत उरकते, त्याला जुन्या संगणकावर एकेका छायाचित्रामागे कित्येक मिनिटे लागू शकतात. वर्गणीचा हिशेब करताना माणसे हा खर्च विसरतात आणि महिन्याभरात नवा संगणक घ्यायला निघतात. तेव्हा चाचणी आपल्याच संगणकावर करावी, दुकानातल्या नव्हे.

दुसरी पाहण्यासारखी सोय म्हणजे 2021 मध्ये आलेले स्वयंचलित मास्किंग, म्हणजे छायाचित्राचा हवा तेवढाच भाग आपोआप निवडून सुधारणे. मंडपात एका बाजूने पिवळे दिवे आणि दुसऱ्या बाजूने निळसर ट्यूब असताना फक्त वधूचा चेहरा उजळायचा, तर पूर्वी ब्रश घेऊन बसावे लागे. आता व्यक्ती एका क्लिकमध्ये निवडली जाते. लग्नाच्या कामात रोजचा वेळ वाचवणारी सोय हीच आहे, असे माझे मत आहे. फोटोशॉपमधल्या जनरेटिव्ह फिलची, म्हणजे छायाचित्राचा भाग कृत्रिम बुद्धिमत्तेने नव्याने भरून देणाऱ्या सोयीची, जाहिरात पुष्कळ होते. लग्नाच्या अल्बममध्ये पाठीमागची विजेची तार त्याने काढून टाकायला हरकत नाही. उत्सवाच्या छायाचित्रात मात्र ते वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते छायाचित्र उद्या गावाचा पुरावा होणार आहे. त्यात नसलेली नौका आणि नसलेली गर्दी भरली, तर तो पुरावाच खोटा ठरतो.

वर्गणी हे भाडे आहे, म्हणून भाडे थांबल्यावर हाती काय राहते, हेही सांगतो. लाइटरूम क्लासिकची (लाइटरूम 6 ची वर्गणीवरची पुढची आवृत्ती) वर्गणी संपली, तरी कॅटलॉग, म्हणजे छायाचित्रांची आणि त्यांवरच्या कामाची नोंदवही, उघडतो, छायाचित्रे पाहता येतात आणि केलेल्या संस्कारांसह बाहेरही काढता येतात. डेव्हलप हा छायाचित्रे सुधारण्याचा विभाग मात्र बंद होतो. नव्या आवृत्तीत जाताना जुन्या कॅटलॉगची नवी प्रत तयार होते आणि तिच्यात केलेले काम जुन्या कॅटलॉगमध्ये परत येत नाही, म्हणून जुना कॅटलॉग जपून ठेवावा.

आपला चरितार्थ रात्रीच्या आणि मंडपातल्या छायाचित्रांवर आहे. दहांपैकी सहा-सातांत उघड्या डोळ्यांनी फरक दिसला आणि संगणक साथ देत असला, तर वर्गणी घ्यावी. तो खर्च धंद्यातून निघेल. दोन-तीनच सुधारली, तर डीएनजी कन्व्हर्टरवर आणखी एक हंगाम निश्चिंतपणे काढावा.

प्रश्न : मी मडगावची निवृत्त शिक्षिका आहे. घरातली जुनी छायाचित्रे दमटपणामुळे डागाळली आहेत. ती दुरुस्त करण्यासाठी फोटोशॉप घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. विनामूल्य मिळणारे गिंप हे छायाचित्रे सुधारण्याचे सॉफ्टवेअर आपल्याला पुरेसे आहे. 2025 च्या मार्चमध्ये आलेल्या त्याच्या 3.0 या आवृत्तीत लावलेला फिल्टर नंतर बदलता किंवा काढता येतो, आणि नव्याने शिकणाऱ्याला ही मोठीच मदत आहे. डाग भरण्यासाठी त्यातले हील हे अवजार वापरावे. खरे महत्त्व स्कॅनिंगला आहे. चार बाय सहा इंचांचे छायाचित्र 600 डीपीआयने (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केले, तर 2400 बाय 3600 पिक्सेल मिळतात आणि मूळ आकाराच्या दुपटीपर्यंत ते सुरेख छापता येते. ते टिफमध्ये (दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) साठवावे आणि हात न लावलेली एक प्रत वेगळी ठेवावी. छायाचित्र काचेला चिकटले असेल, तर ओढून काढू नये. काचेसकट स्कॅन करावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरे स्पष्ट करून देणाऱ्या ॲपांपासून सावध राहावे. ज्या डोळ्यांचा तपशील कागदावर उरलेलाच नाही, ते डोळे अशी ॲपे इतर हजारो चेहऱ्यांवरून अंदाजाने रंगवतात. चित्र नितळ होते, पण त्यातली बाई आपली आजी राहत नाही.

प्रश्न : फोंड्यात आमचा लहान स्टुडिओ आहे. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरचे अपग्रेड नेमके केव्हा करावे?

उत्तर : अडोबीची मोठी आवृत्ती बहुधा ऑक्टोबरमध्ये येते आणि आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. नव्या आवृत्तीतले दोष पहिल्या काही आठवड्यांतच उघडकीस येतात, म्हणजे नेमके आपण कामात बुडालेले असताना. म्हणून स्वयंचलित अपडेट बंद ठेवावे आणि पावसात, कामे थंडावल्यावर, एकाच संगणकावर आधी नवी आवृत्ती घालून पाहावी. तोवर दोष दूर करणारी एक-दोन लहान अपडेट आलेली असतात.