बुद्धिबळात काळ्याकडून खेळताना आधी कुठली चाल? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड (डी४-सी४ला डी५-ई६) खेळतो पण सगळे प्यादं मारून एक्स्चेंज करतात आणि मी दबत जातो. दुसरं ओपनिंग (डावाची सुरुवात) शिकू का?

ओपनिंग राहू दे, क्रम बदल. डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३ घोडा एफ६ (आधी पांढऱ्याची चाल, मग तुझी; नुसतं घराचं नाव म्हणजे प्यादं) असं खेळलास की पांढरा डी५वर मारतो, उंट जी५वर आणतो आणि त्याचा राजाकडचा घोडा अजून घरीच असतो, तो निवांत ई२वर जातो, मग एफ३ करून ई४ ढकलायची तयारी. बरं तू म्हणशील सी६ करून माझा उंट एफ५वर काढतो, तर वजीर एफ३! उंट जी६ला पळाला की तो एफ६वरचा घोडा मारतो, वजिरावजिरी होते आणि तुझ्याकडे एफची डबल (एकामागे एक अडकलेली) प्यादी उरतात. एफ३वर घोडा असता तर वजिराला ती जागाच नसती ना.

म्हणून डी४ला आधी घोडा एफ६, सी४ला ई६. आता घोडा सी३ आला तर उंट बी४, म्हणजे निम्झो, निम्झो-इंडियन नावाची ओपनिंग. ती टाळायला बरेच जण घोडा एफ३ करतात, झालं की मग आपलं काम, आता खुशाल डी५ कर. फुकट काही नाही अर्थात, निम्झो शिकावी लागेल आणि दुसऱ्याच चालीला उंट जी५ करणारे ट्रॉम्पोव्हस्कीवाले भेटतील.

एवढं नको असेल तर तुझ्या पहिल्याच क्रमात तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट ई७, कार्पोव्ह-कास्पारोव्ह हे माजी वर्ल्ड चॅम्पियन दोघंही हे खेळलेत. जी५ची कटकट गेली. पण डी५वरच्या मारामारीनंतर उंट एफ४, सी६, ई३, उंट एफ५ला थेट जी४ येतं, १९६३च्या वर्ल्ड चॅम्पियनशिप मॅचमध्ये बोत्विनिकने पेट्रोशियनविरुद्ध केलेलं, ते बघून ठेव. मला स्वतःला निम्झोवाला रस्ता आवडतो, पण शाळा सांभाळून खेळत असशील तर उंट ई७ पुरे.

प्रश्न: शेव्हेनिंगेनमध्ये (ई४ला सी५ने उत्तर देणाऱ्या सिसिलियनचा डी६-ई६वाला प्रकार) सहाव्या चालीला जी४ आलं की घाम फुटतो.

केरेस अटॅक! १९८४च्या वर्ल्ड चॅम्पियनशिप मॅचच्या पहिल्याच डावात कार्पोव्हने कास्पारोव्हवर हाच टाकला होता. ई६ केलं की सी८च्या उंटाची वाट बंद होते म्हणून जी४चं प्यादं सुरक्षित राहतं. पाचव्या चालीला ई६ऐवजी ए६ करा, मग जी४वर उंट आणि घोडा दोघांची नजर असते, राखायला एकटा वजीर. पांढऱ्याने उंट ई२ केला की तुम्ही ई६, आलात शेव्हेनिंगेनमध्ये. १९८५ला २४व्या डावात कास्पारोव्ह असाच आला आणि जिंकून वर्ल्ड चॅम्पियन झाला. फक्त सहाव्याला उंट जी५ आला तर अख्खा नायडॉर्फ (ए६वाला सिसिलियन) अंगावर येतो हां.

प्रश्न: डच (डी४ला एफ५) खेळायचंय, डी४ला ई६ आधी का करतात?

लगेच एफ५ केलं तर ई४चा स्टॉन्टन गॅम्बिट (प्यादं देऊन हल्ला), उंट जी५, घोडा सी३ असलं काय काय येतं, ते चुकवायला. पण ई६ला समोरच्याने ई४ केलं तर फ्रेंच (ई४ला ई६चं ओपनिंग) खेळावंच लागतं, ते येत नसेल तर गपचूप एफ५च करा आणि स्टॉन्टनची एक लाइन पाठ ठेवा.